दोन हातांचं अंतर

सगळे बार एकाच वेळी उडाले आणि मैदान धुरात बुडालं. धूर विरला तेव्हा बाकी सगळे उभे होते, अम्पोन्सा तेवढा आडवा पडला होता.

आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बेपोआसे गावात मयताच्या दिवशी सकाळपासून ताडीचे घडे फिरत असतात. एखादा गडी लवंडला तर लोक त्याला ओलांडून पुढं जातात. त्यात सगळ्यांच्या अंगावर शोकाची लाल कापडं. लाल कापडावर रक्त दिसायचं कसं? एका म्हातारीनं त्याला उठवायला छातीला हात लावला, हात वर करून पाहिला, आणि मग तिनं फोडलेली किंकाळी नदीपलीकडे ऐकू गेली.

मयत होतं गावच्या शिकाऱ्यांच्या म्होरक्याचं. त्याला निरोप द्यायचा तर बंदुकाच बोलल्या पाहिजेत. ठासणीच्या लांबलचक बंदुका, त्यांत मूठमूठ दारू, वर ताडाच्या काथ्याचा बोळा, आणि धडाड्‌धूम! दिवसभर हेच. गोळी मात्र कुणी घालत नाही. निरोप मेलेल्याला द्यायचा असतो, जिवंताला नाही.

अम्पोन्साच्या छातीत गोळी होती. आणि त्याच्यापासून जेमतेम दोन हातांवर, धूर ओकणारी बंदूक धरून बोआदी उभा होता.

एवढं लोकांना पुरलं.

सार्जंट न्यार्को सायकल हाणत पोचला तेव्हा उन्हं कलली होती. मागच्या कॅरियरवर शिपाई बादू, दोन्ही हातांनी टोपी धरून. गावप्रमुख नाना फ्रिम्पोंग स्वतः वेशीपर्यंत आले होते, यावरूनच सार्जंटनं ओळखलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

"जिवंत आहे का तो?"

"माझ्या कंदांच्या कोठारात कोंडलाय. बाहेर बायका फूफूचे कंद कुटायची मुसळं घेऊन बसल्यात. आणि सार्जंट, त्या काही फूफू कुटायला आलेल्या नाहीत."

"उद्या जिल्ह्याहून इन्स्पेक्टर येतील. तोवर सांभाळा."

"आणि ते आल्यावर?"

इन्स्पेक्टरसाहेब काय करणार ते ठरलेलं होतं. धूर ओकणारी बंदूक, शेजारी प्रेत, आणि जुनं वैर. एवढ्यावर ते जेवणाआधी कागद पुरे करत. बोआदी फासावर जाणार होता.

गेला तर जाऊ दे, असं सार्जंटच्याही मनात येऊन गेलं, हे खोटं कशाला बोला? बोआदीला तो ओळखत होता. कोकोचा खरेदीदार, गावात एकट्याकडे मालमोटार. ओतेंग शिकाऱ्याची मुलगी दुफी याच्यापासून गरोदर राहिली, तर हा म्हणाला, मूल माझं कशावरून? बाळंतपणात ती अडली. तिच्या भावानं, याच अम्पोन्सानं, रात्री याचं दार ठोठावलं. इस्पितळापर्यंत गाडी दे म्हणून पाय धरले. बोआदी म्हणाला, "गाडीत कोको भरलाय. आता कोण रिकामी करणार?" उजाडायच्या आत दुफी गेली, बाळही गेलं.

कायद्यात याला कलम नाही. सार्जंटनं तेव्हा पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं होतं.

कोठारात बोआदी पोत्यांमागं दडून बसला होता.

"तू मारलंस?"

"देवाशपथ नाही, साहेब! मी बंदूक आभाळाकडे धरली होती."

"अम्पोन्सा तुझ्याशेजारी काय करत होता? तुमच्यात तर विस्तव जात नव्हता."

"तोच चालून आला. बार उडायच्या ऐन आधी. म्हणाला, निघ इथून, आत्ताच्या आत्ता निघ."

"धमकी दिली?"

"मग काय लग्नाचं आमंत्रण दिलं? मी म्हटलं, गाव तुझ्या बापाचं आहे का? तो माझा दंड धरायला गेला, तेवढ्यात सगळे बार उडाले. धूर झाला. मी वळून बघतो तर हा खाली."

"त्यानं दंड धरला, तू चाप ओढलास. इन्स्पेक्टर असंच म्हणतील."

बोआदी रडायला लागला. मोठा माणूस पोत्याला धरून रडताना बघणं सार्जंटला आवडलं नाही, आणि आवडलं नाही याचाच त्याला राग आला.

प्रेत नानांच्या पडवीत ठेवलं होतं. दवाखान्याच्या कंपाउंडरनं पाठीच्या कातडीखाली अडकलेली गोळी काढून बशीत ठेवली होती. सार्जंटनं कंदील जवळ घेतला.

पहिली गोष्ट कापडाची. भोक स्वच्छ होतं. कडेला करपलेलं नाही, कातडीवर काळे ठिपके नाहीत.

"बादू, बोआदीची बंदूक घे. नुसती दारू भर आणि या चिरगुटावर दोन हातांवरून बार काढ."

बादूनं बार काढला. चिरगुट पेटलंच. बादू ते पायांनी विझवत नाचायला लागला. "साहेब, आधी सांगायचं तरी!"

"म्हणजे बोआदी नाही," सार्जंट स्वतःशी म्हणाला. "गोळी लांबून आली."

दुसरी गोष्ट गोळीची. सार्जंटचं लहानपण सुआमेत मामाच्या भट्टीवर गेलं होतं. मामा जुन्या मोटारींच्या लोखंडी नळ्यांच्या बंदुका घडवायचा. शिशाची गोळी नळीपेक्षा बारीक ओततात, आणि तेलकट चिंधीत गुंडाळून गजानं ठासतात. चिंधी इतकी घट्ट बसते की तिचं विणकाम शिशावर उमटतं. बशीतल्या गोळीवर विणीची एकही रेघ नव्हती. नुसत्या बाजू घासून चकाकत होत्या. ही गोळी उघडीच घातली होती.

लांब कुठं, तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं मोठ्या ओडुमच्या झाडाखाली शिकाऱ्यांची रांग होती. अंधार पडायच्या आत सार्जंट तिथली जमीन शोधत फिरला. जळका काथ्या, कोलाच्या बिया चघळून थुंकलेला चोथा, फुटका घडा. आणि मुळांच्या बेचक्यात एक चिंधी, तेलानं नि काजळीनं काळीमिट्ट. मधोमध गोल वळ पडलेला, पण कुठं जळलेली नाही.

"नाक पुसलं असेल कुणीतरी," बादू म्हणाला.

सार्जंटनं ती खिशात टाकली.

रांगेतल्या एकेकाला त्यानं विचारलं. अम्पोन्साशी कुणाचं वाकडं? कुणाचंच नाही. तो शाळेत पोरांना शिकवायचा, म्हाताऱ्यांची पत्रं लिहून द्यायचा. त्याला मारावं असं वाटणारा माणूस आख्ख्या गावात एकच, आणि तो कोठारात होता. पण त्यानं मारलेलं नव्हतं.

शेवटी सार्जंट अम्पोन्साच्या बापाच्या, ओतेंगच्या घरी गेला. जायला पाय उचलत नव्हते. बेपोआसेतला पहिल्या नंबरचा शिकारी म्हणजे ओतेंग. जाळीतून चालत्या हरणाच्या कानामागं गोळी घालणारा. आज तो भिंतीला टेकून बसला होता. कोपऱ्यात त्याची बंदूक, कालवलेल्या राखेसारखी नळीच्या तोंडाशी काजळी. बाकीच्यांनी संध्याकाळीच गरम पाण्यानं बंदुका धुतल्या होत्या. याला कुठली शुद्ध?

"बाबा, विचारावं लागतंय. तुम्ही रांगेत होता?"

"होतो."

"कुणाच्या बंदुकीत गोळी होती?"

"बोआदीच्या."

"रांगेतल्या कुणाच्या? तुमच्या?"

"शोकाच्या बारात गोळी कोण घालतं?" म्हातारा म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलं, सार्जंट. धुरातून पाहिलं. बोआदीच्या बंदुकीतून जाळ निघाला आणि माझं पोर पडलं. त्याला फास लावा. नाहीतर मला मोकळं सोडा."

त्याची बायको सेरवा जमिनीवर बसली होती. मांडीवर एक घडी घातलेलं कापड. निळ्यावर पिवळे पक्षी. ती त्याच्यावरून हात फिरवत होती. एक कोपरा सुरीनं कापल्यासारखा सरळ गेलेला होता.

"दुफीचं का, आई?"

"तिचंच. कोपरा उंदरानं नेला." ती थांबली. "आज सकाळी अम्पोन्सानंही विचारलं, कोपरा कुठं गेला म्हणून. मी म्हटलं, उंदीर. तर उठून गेला. जेवलाही नाही."

आता तिला रडूही येत नव्हतं. सार्जंट उठला.

सकाळी बादूनं मक्याची आंबील आणली, तशीच चिठ्ठीही. इन्स्पेक्टरसाहेबांची जीप बिघडली होती. आरोपीला घेऊन आजच या, असा हुकूम होता. सार्जंटनं चिठ्ठी वाचली, आणि काहीतरी चाळा हवा म्हणून खिशातली चिंधी गरम पाण्यात टाकून साबणानं चोळली. तेल सुटलं. काजळी गेली. खालून निळा रंग वर आला आणि त्यावर पिवळ्या पंखाचं टोक.

आंबील थंड झाली. बापानं मुलाला का मारावं? कसं मारावं? काल संध्याकाळी त्या म्हाताऱ्याचे डोळे खोटं बोलत नव्हते. सार्जंटनं किती माणसं खोटं बोलताना पाहिली होती. हा खरंच बोआदीला खुनी समजत होता.

मग त्याला एकदम वाटलं, आपला प्रश्नच चुकलाय.

"बादू, केळीचं एक खोड तोडून आण." बादू निघाला. "थांब. दोन आण."

मैदानाच्या त्या टोकाला, जिथं अम्पोन्सा नि बोआदी उभे होते, तिथं दोन खोडं रोवली. मध्ये दोन हात जागा. आख्खा गाव गोळा झाला. शिकारी ओडुमखाली आले. सार्जंट ओतेंगला आणायला स्वतः गेला. लोक कुजबुजले, काल ज्याचं पोर गेलं त्याला आज खेळ करायला लावतो, लाज आहे का? ओतेंगच म्हणाला, "त्या बोआदीचा फास घट्ट होणार असेल तर मी तोफ उडवीन."

"आधी कालच्यासारखे रिकामे बार काढा. पुष्कळ. नळ्या पुसायच्या नाहीत," सार्जंटनं सांगितलं. "मग गोळी भरून उजव्या खोडाला मारायचं."

"उजव्याच्या कुठल्या पानाला?" एक जण म्हणाला, आणि सगळे हसले.

रिकामे बार झाले. कान बधिर झाले. मग गोळ्या भरायची वेळ आली आणि गंमत झाली. चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीत जाईना. एकानं गज दगडावर टेकून जोर केला, गज वाकला. दुसऱ्याची अर्ध्यात अडकली. "हिच्या आयला, झालंय काय हिला?" तिसरा नळीत डोकावून शिव्या देऊ लागला. जंगलात माणूस दिवसाला एक बार काढतो आणि घरी येऊन बंदूक धुतो. इतक्या काजळीवर गोळी ठासायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

सार्जंट त्यांच्याकडे पाहत नव्हता. तो ओतेंगच्या हातांकडे पाहत होता.

ओतेंगनं गज दोनदा दाबला. जाईना म्हणताच गोळी उपसून काढली, चिंधी सोडवून मुळांकडे फेकली, उघडी गोळी नळीत टाकली, वर काथ्याचा बोळा दाबला. तोंडातून शब्द नाही, कपाळावर आठी नाही. त्यानं बंदूक खांद्याला लावली, उजव्या खोडावर नेम धरला आणि चाप ओढला.

डावं खोड थरथरलं.

"म्हातारा झाला रे ओतेंग!" मागून कुणीतरी ओरडलं. कुणी हसलं नाही. सार्जंटचा चेहरा पाहून हसू जागच्या जागी मेलं.

"बाबा, तिकडं जाऊ. एकट्यानं बोलू."

"इथंच बोल."

"नको."

"बोल म्हणतो ना!"

सार्जंटला तेव्हा सायकल घेऊन पळून जावंसं वाटलं. पण कोठारात एक माणूस होता, नालायक खरा, तरी न केलेल्या खुनासाठी मरणार होता.

"बोआदीनं मारलं नाही," तो म्हणाला. "दोन हातांवरून मारलं असतं तर कापड पेटलं असतं. गोळी इथून गेली, या झाडाखालून. काल मला इथं एक चिंधी सापडली. गोळीसाठी कापलेली, तेल लावलेली, पण न जळलेली. म्हणजे कुणीतरी गोळी ठासायला गेला, काजळीमुळं ती आत जाईना, म्हणून त्यानं चिंधी फेकली आणि गोळी उघडीच घातली. आत्ता सगळ्यांची तीच गत झाली. सगळे गोंधळले. एकालाच काय करायचं ते ठाऊक होतं. कारण त्यानं ते काल केलं होतं."

माणसं आपोआप मागं सरली. ओतेंग एकटा उभा राहिला.

"मी माझ्या पोराला मारीन?" त्याचा आवाज चढला. "मी?"

"नाही, बाबा. तुम्ही बोआदीला मारत होता."

सार्जंटनं खिशातून चिंधी काढून तळहातावर धरली. निळ्यावर पिवळा पंख. गर्दीतून सेरवा पुढं आली आणि तिथंच थबकली.

"चिंधी असली की गोळी नळीत हलत नाही, सरळ जाते. उघडी गोळी नळीत या बाजूनं त्या बाजूला आपटत निघते. शेवटचा धक्का जिकडचा, तिकडं तोंड. जंगलात तुम्ही जवळून मारता, तिला भरकटायला जागाच नसते. इथं आख्खं मैदान होतं. यात नेम कितीही पक्का असो, उपयोग नाही. मी सुद्धा रात्रभर विचारत होतो, अम्पोन्साला कोण मारणार? कुणीच नाही. त्याच्या शेजारच्याला कोण मारणार, हे विचारायला हवं होतं."

"मी पाहिलं होतं त्याला," ओतेंग हळूच म्हणाला. "पोर तिकडं चाललेलं पाहिलं. म्हटलं, दोन हात बाजूला आहे. माझी गोळी दोन हात कधी चुकली? बार झाला आणि तो बोआदी उभाच. मला वाटलं, ताईत बांधलाय हरामखोरानं, माझी गोळी हवेत घालवली, आणि त्याच दमात माझं पोर मारलं."

त्यानं मैदानापलीकडच्या डाव्या खोडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तो तिथं कशाला गेला?" त्यानं विचारलं. "त्याचं काय काम होतं तिथं?"

हे न सांगता आलं असतं तर सार्जंटनं सांगितलं नसतं. पण सेरवा त्याच्याकडे बघत होती, आणि तिला ते आधीच कळलं होतं.

"कापलेला कोपरा त्यानं पाहिला होता. तुम्ही काय करणार ते ओळखलं. बोआदीला म्हणाला, निघ इथून. धमकी नव्हती ती. त्याला तुम्हाला वाचवायचं होतं."

ओतेंग खाली बसला. बंदूक त्याच्या हातातून सुटली, कुणी उचलली नाही.

"तीन वेळा दाबली मी काल," तो म्हणाला. "दुफीची चिंधी. आतच जाईना. पोरगी नको नको म्हणत होती आणि मला कळलं नाही."

सेरवा सार्जंटच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. "कालपर्यंत मला ठाऊक होतं कुणाला शिव्याशाप द्यायचे. तेवढं होतं माझ्याकडे. तेही काढून घेतलंस. आणि त्या माणसाला काय? माझ्या पोरीच्या वेळी गाडी न देणाऱ्याला? त्याला कोणतं कलम?"

"नाही, आई. कलम नाही."

"मग तो तुकडा तरी दे माझा."

"पुरावा आहे," सार्जंट म्हणाला. हे शब्द तोंडातून निघताना त्याला स्वतःची किळस आली. चिंधी पुन्हा खिशात गेली.

बोआदीला सोडलं. लाल कापडाची धूळ झटकत तो बाहेर आला, आणि पाहता पाहता त्याचा जुना आवाज परत आला. सार्जंटपाशी येऊन तो अदबीनं म्हणाला, "साहेब, जिल्ह्याला न्यायचंय ना म्हाताऱ्याला? माझी गाडी आहे की. रिकामीच उभी आहे."

मुसळं घेतलेल्या बायका जागच्या हलल्या नाहीत. नानांनी मान खाली घातली. सार्जंटला त्या माणसाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि मारली असती तर त्यालाही कलम होतं.

"नको. चालत जाऊ."

"चालत?" बादू दचकला. "साहेब, जिल्हा कुठं, आपण कुठं! संध्याकाळ होईल."

"होऊ दे. सायकल इथंच ठेव."

बेड्या त्यानं घातल्या नाहीत. म्हाताऱ्याचा दंड धरला, तोही आधार म्हणून. वाट मैदानातूनच जात होती. खोडांपाशी आल्यावर ओतेंग थांबला. उजवं खोड कोरं होतं. डाव्याच्या छातीएवढ्या उंचीवर गोल भोक पडलं होतं आणि त्यातून केळीचं पाणी ओघळत होतं. म्हाताऱ्यानं त्या भोकावर तळहात दाबून धरला, रक्त थांबवायला धरतात तसा. सार्जंटनं त्याला घाई केली नाही.